मंगळवारचं टोकन

इंदूरमध्ये कुठेही चार माणसं एकामागे एक उभी असली, की पाचवे माझे मामेसासरे असायचे. हे मी अंदाजाने म्हणत नाही. गेल्या नऊ-दहा वर्षांत मी त्यांना बँकेत, पोस्टात, रेशनच्या दुकानात, आधारच्या केंद्रावर, रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात आणि दवाखान्यांच्या कितीतरी खिडक्यांसमोर उभं पाहिलं आहे, आणि यातल्या एकाही ठिकाणी त्यांचं स्वतःचं काम नव्हतं. रांग दिसली की ती कशाची आहे हे विचारण्याआधी ते तिच्यात शिरायचे. चौकशी नंतर, दोन-तीन माणसं पुढे सरकल्यावर, गप्पांच्या ओघात व्हायची. एकदा संध्याकाळी छत्रीबागेकडून घरी येताना एका लग्नाच्या मंडपात, स्टेजवर नवरा-नवरीला भेटायला चाललेल्या रांगेत, त्यांना एक म्हातारी बाई दिसली. तिच्या हातात फुलांचा गुच्छ होता आणि पायांवर सूज होती. मामांनी तिला खुर्ची शोधून दिली, गुच्छ आपल्या हातात घेतला आणि तिच्या जागी उभे राहिले. वीस मिनिटांनी स्टेजवर पोहोचल्यावर त्यांनी नवऱ्याला समजावून सांगितलं, की हे तुमच्या दूरच्या आत्याकडून आहे, ती मनाने इथेच उभी आहे. मग फोटोवाल्याने हात केला म्हणून ते सरळ उभे राहिले. त्या घराच्या अल्बममध्ये नवऱ्याच्या उजव्या हाताला आजही आमचे मामा असणार, आणि हा माणूस कोणाकडचा, यावर दोन्ही बाजूंमध्ये अजून वाद चालू असणार.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. वय चौऱ्याहत्तर, लग्न केलं नाही, राहायला आमच्याच गल्लीत. नोकरी रेल्वेत, तिकिटाच्या खिडकीवर, त्यातली बरीचशी महूला. चौतीस वर्षं ते काचेच्या आत बसले आणि लोक बाहेर उभे राहिले. निवृत्त झाल्यावर पहिली काही वर्षं त्यांनी इतर निवृत्त माणसांसारखी काढली, म्हणजे पेपर दोनदा वाचला आणि बहिणीच्या स्वयंपाकात मीठ किती असावं याबद्दल मत दिलं. त्यानंतर तो रविवार आला.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. मिशनच्या काळातल्या चर्चमध्ये दहा वाजता हिंदी उपासना होते आणि तिच्या आधी, आठला, आमची मराठी. पंचवीस-तीस माणसं, त्यांतली निम्मी एकमेकांची नातेवाईक. मी मंडळीची सेक्रेटरी. शाळेच्या ऑफिसात दिवसभर जे करते तेच रविवारी करते, म्हणजे याद्या. शास्त्रपाठ कोण वाचणार, फुलदाण्या कोण भरणार, आजाऱ्यांच्या भेटीला कोण जाणार, हे सगळं माझ्याकडे वहीत आणि फ्रिजच्या दारावर, दोन्हीकडे असतं. त्या रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक माणूस ख्रिस्ताच्या याजकपणात वाटेकरी आहे. याजक म्हणजे नुसता झगा घालून पुढे उभा राहणारा नव्हे. जो दुसऱ्यांच्या वतीने देवासमोर उभा राहतो तो याजक, आणि ख्रिस्ताला ज्या कामगिरीवर पाठवलं त्याच कामगिरीवर आपणही पाठवलेले आहोत. आम्ही हे दर दोन-तीन वर्षांनी ऐकतो आणि दर वेळी आम्हाला ते पटतं. खरं सांगायचं तर त्या वेळी मी वहीच्या मागच्या पानावर वार्षिक सभेच्या चहाची तयारी लिहीत होते. मामांनी मात्र ते बदलीच्या हुकमासारखं ऐकलं. उपासना संपल्यावर ते पाळकसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, मी जॉइन कुठे होऊ?”

पाळकसाहेब घाईत असले की हिंदीत शिरतात, आणि दहाची उपासना तोंडावर आली होती. ते म्हणाले, “मामाजी, जहाँ लोग खड़े हैं, वहीं खड़े हो जाइए.”

सोमवारी सकाळी मामा जॉइन झाले.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, आठ दिवसांचं वेड आहे. पण मामांनी त्याची रेल्वेसारखी शिस्त बसवली. सोमवार पोस्ट आणि बँक, मंगळवार आणि गुरुवार मोठा सरकारी दवाखाना, बुधवार आधार केंद्र, शुक्रवार रेशन, शनिवार ऐनवेळी सुचेल ते. वेश ठरलेला: पांढरा शर्ट, राखाडी पँट आणि शर्टाच्या खिशाला दोऱ्याने बांधलेलं पेन, कारण खिडकीवर दिलेलं पेन परत येत नाही हा त्यांचा चौतीस वर्षांचा अनुभव. खांद्यावर कापडी पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, कोऱ्या कागदांची चळत आणि वाचायचे तीन चष्मे, एक, दोन आणि अडीच नंबरचा. यातला एकही त्यांचा नव्हता. रांगेत दर पाचवा माणूस चष्मा घरी विसरून आलेला असतो आणि फॉर्मपुढे डोळे बारीक करून उभा असतो, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं. सियागंजातल्या एका ठोक दुकानातून ते तीन चष्मे घेऊन आले आणि तिथेही, अर्थातच, एका माणसाला आधी पुढे जाऊ दिलं. दवाखान्यात त्यांचं नावच पडलं, चश्मेवाले बाबा.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे फॉर्म ते मोठ्या ठळक अक्षरांत भरून देत. सवय मात्र खिडकीची. समोर कोणीही आलं की त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघे, “कहाँ से कहाँ तक?” एकदा दवाखान्यात एका आजीबाईंना त्यांनी हेच विचारलं. आजीबाई म्हणाल्या, “कमर से पाँव तक, बाबा.” मामांनी तसंच लिहिलं. डॉक्टरांनी म्हणे त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तरी कागदाचं कौतुक केलं.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, की मामा, तुम्हाला मंडळीचंच काम करायचं तर चर्चमध्ये करा की, माझ्याकडे यादीत जागा आहे. ते आमच्या ओट्यावर बसून चहा पीत होते. “सूनबाई,” ते म्हणाले, “खिडकीच्या आतून काय दिसतं माहीत आहे? हात दिसतो, तोंड दिसतं. पाय दिसतच नाहीत. चौतीस साल मला वाटत होतं, लोक उगाच चिडचिड करतात. बाहेर येऊन उभा राहिलो तेव्हा समजलं, लोकांना पाय असतात आणि ते दुखतात.”

“ते ठीक आहे, पण याजकपणाचा आणि रेशनच्या लाइनीचा काय संबंध?”

“अगं, ख्रिस्ताने दुसरं काय केलं? आत बसून चाललं नसतं का त्याला? तो बाहेर आला. यार्देन नदीवर बाप्तिस्म्याला लोक उभे होते ना, सगळे आपापली पापं घेऊन, त्यांच्यात जाऊन उभा राहिला. बाप्तिस्मा देणारा योहान म्हणतोय, तुमचं इथे काय काम. हा म्हणतोय, असू दे.” त्यांनी कप खाली ठेवला. “तो लाइनीत उभा आहे म्हटल्यावर मी कुठे उभा राहू, तूच सांग.”

मी कप उचलून आत गेले. मला त्या दिवशी दोन फोन करायचे होते.

रांगेत ते कोणाला धर्माचं काही बोलत नसत. कोणी विचारलंच, बाबा, तुम्ही हे कशासाठी करता, तर इंदुरी ढंगात म्हणत, “ड्यूटी है भिया.” त्यांची दुसरी ड्यूटी संध्याकाळी असे. दिवसभरात ज्यांच्यासोबत उभे राहिले त्यांची नावं ते कागदावर लिहून आणत आणि दिवे लागायच्या सुमाराला अंगणात खुर्ची टाकून देवाला वाचून दाखवत. मनातल्या मनात नाही. फलाटावर गाडीची सूचना द्यावी तसं, मोठ्याने आणि दोनदा. “लीलाबाई, बडवाह, डावा गुडघा. लीलाबाई, बडवाह, डावा गुडघा.” शेजारी नवीन राहायला आलेल्या जोडप्याने पहिल्या आठवड्यात माझ्याकडे येऊन काळजीने विचारलं, की अंकलजी ठीक तो हैं ना. मी मामांना म्हटलं, देवाला सगळं माहीत असतं, त्याला गाव आणि गुडघा सांगायची काय गरज? मामा माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, “तू सेक्रेटरी असून असं बोलतेस? अर्धवट फॉर्म कुठेच चालत नाही.”

आता त्यांच्या दोषाकडे येते. मामा रांगेत उभे राहत, पण पुढे सरकत नसत. मागे कोणी लेकुरवाळी दिसली, तिला पुढे. कोणी खोकला, त्याला पुढे. कोणी नुसतंच घड्याळ पाहिलं, तरी पुढे. मी दिलेलं घरचं एकही काम लिहिलेल्या वेळेत त्यांच्याकडून झालं नाही. माझा विमा त्यांच्यामुळे एकदा शेवटच्या दिवशी, खिडकी बंद होता होता भरला गेला. तरी नातं म्हणून, आणि पहाटे उठायला दुसरं कोणी तयार नसे म्हणून, आम्ही त्यांनाच सांगत असू. त्यातून तो मंगळवार आला.

सासूबाईंना धाप लागायची, पायांवर सूज होती. सरकारी दवाखान्यात मंगळवारी एक मोठे डॉक्टर बसतात आणि ते चाळीसच रुग्ण बघतात. पावणेसातला फाटकावर चाळीस टोकनं वाटतात, साधी प्लॅस्टिकची, वर फक्त नंबर. आत नंबर पुकारला की मग नाव लिहितात. एका माणसाला एकच टोकन. मी सगळं कागदावर मांडलं होतं: साडेसहाला मामा फाटकावर, नऊला मी सासूबाईंना घेऊन रिक्षाने निघणार, साडेनऊला तिथे, दहापर्यंत नंबर. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे फाइलमध्ये, वर गोळ्यांची यादी. सव्वासातला मामांचा फोन आला, “बारा नंबर मिळाला.” मी कागदावर खूण केली.

साडेनऊला पोहोचले तेव्हा मामा खांबाशी उभे होते. सासूबाई रिक्षातच बसल्या होत्या, उतरायला त्यांना दोन माणसं लागायची.

“टोकन द्या मामा.”

“होतं.”

“होतं म्हणजे?”

“दिलं.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “खरगोनकडून आला होता ग. बापाला पाठीवर घेऊन. त्याची बस उशिरा पोहोचली, टोकनं संपली होती. म्हातारा फरशीवरच झोपला. मी म्हटलं, आपण तर इथलेच आहोत, अगले मंगल...”

मी गार्डकडे गेले. तो म्हणाला, “आंटीजी, चालीस हो गए. अब तो अगले मंगल.” त्याचंही बरोबर होतं. मी परत आले. मी आवाज चढवत नाही, मला त्याची गरज पडत नाही. मी म्हटलं, “मामा, तो नंबर तुमचा नव्हता. तो तुमच्या बहिणीचा होता. दुसऱ्याचं उचलून देणं फार सोपं असतं. स्वतःचं असेल ते द्या.”

मामांचा हात पिशवीत चष्म्यांवर होता, तो तिथेच राहिला. मग म्हणाले, “खरं आहे.”

रिक्षात सासूबाई शांत होत्या. धाप सांभाळत, दोन-दोन शब्द करत म्हणाल्या, “पहिलीत असताना... माझी पाटी दिली होती त्याने. एका मुलीला. मी मार खाल्ला.” थोडं थांबून, “ती मुलगी पुढे शिक्षिका झाली,” असंही त्यांनी किंचित हसून सांगितलं. रिक्षावाला आरशातून म्हणाला, “माताजी, ऐसे भाई अब बनते नहीं.” मी त्याला समोर बघून चालवायला सांगितलं.

त्यानंतर मामा रांगेत गेले नाहीत. रविवारी उपासनेआधी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मला यादीत घाल.” मी त्यांना फुलदाण्या दिल्या. त्यांनी त्या वेळेवर भरल्या, पाणी मापात, देठ एका उंचीचे. बुधवारी घरी, गुरुवारी घरी. अंगणातल्या सूचना बंद झाल्या. दोनच घरं सोडून असलेल्या आमच्या घरात एकदम शांत शांत वाटू लागलं. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते मिळालं होतं. फ्रिजवरच्या कागदाकडे बघून मला बरं वाटायला हवं होतं.

पुढच्या मंगळवारी मी स्वतः साडेसहाला फाटकावर गेले. टोकन मिळालं, सव्वीस. गार्डने आधी माझ्या मागे पाहिलं. “मामाजी नहीं आए?” एका बाईने विचारलं, चश्मेवाले बाबा आजारी आहेत का. एक माणूस कागद डोळ्यांपासून लांब धरून, मग जवळ धरून, मग पुन्हा लांब धरून उभा होता. साडेसातला पहिली बस आली असावी, कारण फाटकातून एकदम सात-आठ माणसं घाईने आत आली. टोकनं केव्हाच संपली होती. त्यांना ते ठाऊक नव्हतं. ती गार्डपर्यंत जाऊन, ऐकून, भिंतीकडेला बसली. कोणी भांडलं नाही. पहाटे तीनला घरून निघालेली माणसं होती ती. मी फाइल छातीशी धरून सव्वीस नंबरच्या जागी उभी होते आणि माझे पाय दुखत होते.

सासूबाईंना त्या दिवशी दाखवलं, औषध बदललं, आठवड्यात सूज उतरली. दाखवून आलो त्याच संध्याकाळी मी मामांकडे गेले. म्हटलं, “मामा, मी विचार केला. तुमची चूक एकच होती. टोकन तुमचं नव्हतं.”

“तेच तू बोललीस ना.”

“पुढचं ऐका. सासूबाईंचं मी बघेन. इतरांची कामं घेऊ नका. मंगळवारी साडेसहाला जा आणि स्वतःसाठी टोकन घ्या. ते तुमचं. ते ज्याला द्यायचं त्याला द्या. पहिल्या बसने जो येईल त्याला.”

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हा त्यांचा स्वतःचा, चौथा. “म्हणजे अर्पण करायचं ते आपलं पाहिजे,” ते सावकाश म्हणाले. “इतके दिवस मी लोकांचंच देत होतो. आणि स्वतःला याजक समजत होतो.” मग एकदम ताठ बसले. “सूनबाई, हे आधी का नाही सांगितलंस? कल मंगल है क्या?”

“आज मंगळवारच आहे.”

“म्हणजे मधे सहा दिवस आहेत,” ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर पगारवाढ झाल्यासारखं काहीतरी होतं.

मग ते दर मंगळवारी जाऊ लागले. एक माणूस, एक टोकन, आणि साडेसातला भिंतीकडेला बसायला निघालेलं कोणीतरी उठून उभं राहायचं. संध्याकाळी अंगणात पुन्हा सूचना सुरू झाल्या. फुलदाण्याही ते भरत राहिले, पण आता घाईघाईत, म्हणजे देठ वरखाली. मी ते तसेच राहू दिले.

हे वर्षभर चाललं. मग एके दिवशी मी सासूबाईंचं औषध आणायला दवाखान्यात गेले, तेव्हा गार्डने मला बाजूला घेतलं. “आंटीजी, मामाजी आजकल खंभा पकड़ के खड़े रहते हैं. पिछली बार चक्कर आया था. हमने कहा, बाबा, टोकन तो हाथ में है, आप ही अंदर चले जाओ. माने नहीं.”

मी तिथून थेट मामांकडे. त्यांनी खुर्चीतून उठून दार उघडलं, तेवढ्यानेच ते भिंतीला टेकले. ओठ किंचित निळसर होते. मी विचारलं, दाखवलंत का? म्हणाले, “दाखवतो ना. टोकन असतंच माझ्याकडे.” पुढच्या मंगळवारी विचारलं, तर, “आज नर्मदेपलीकडून एक बाई आली होती ग.” त्यापुढच्या मंगळवारी एक शिपाई होता, त्याची आई होती. ज्या डॉक्टरांना दाखवायला लोक तीनला उठून येत होते, त्यांचा नंबर या माणसाच्या हातात दर आठवड्याला असे आणि दर आठवड्याला तो दुसऱ्याच्या हातात जाई. मी खाजगी दवाखान्यात ऑनलाइन वेळ घेतली. त्या दिवशी माझ्या शाळेत तपासणी होती, म्हणून ते एकटे गेले. संध्याकाळी पाचची वेळ होती. तिथे बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी आधी जाऊ दिलं. सातला दवाखाना बंद झाला. तिथल्या मुलीने मला फोन करून सांगितलं, “मॅडम, आपके अंकल बहुत स्वीट हैं.” सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या पलंगावरून म्हणाल्या, “तो पाटी देणार. मार मी खाणार.” यावेळी त्या हसल्या नाहीत.

मग मंगळवार आला, आणि मी सव्वासहाला फाटकावर पोहोचले. मामा साडेसहाला आले, हळू हळू, दोनदा थांबून. मला पाहून त्यांना आनंद झाला. “अक्काला दाखवायचं आहे?”

“नाही.”

मला नऊ नंबर मिळाला, त्यांना तेरा. साडेसातला बस आली. त्यातल्या एका काठी टेकत आलेल्या माणसाला मामांनी आपला तेरा देऊन टाकला, त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, कागदावर लिहिलं. मी थांबले. ते सगळं झाल्यावर मी माझं टोकन त्यांच्या हातात ठेवलं.

“हे कशाला?”

“तुमच्याकडे देते आहे.”

त्यांचे डोळे लगेच भिंतीकडे गेले. तिथे एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, “मामा, हे टोकन माझं आहे. मी सव्वासहापासून उभी राहून घेतलंय. दुसऱ्याचं टोकन देता येत नाही. तुमचंच ठरलंय ते.”

“मग तू आत जा.”

“मला काही झालेलं नाही.”

“मग परत घे.”

“दिलेलं मी परत घेत नाही.”

ते नऊ नंबर हातात उलटसुलट करत उभे राहिले. माणूस कायद्याचा पक्का. चौतीस वर्षं नियमाने तिकिटं दिलेली. गार्ड जवळ येऊन उभा राहिला होता, त्याला मराठी कळत नव्हतं, पण काय चाललंय ते कळत होतं. “फँस गए, मामाजी,” तो म्हणाला.

“फँस गया भिया,” मामा म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, “तू माझ्यासाठी उभी राहिलीस?”

“सव्वासहापासून,” मी म्हटलं. “पाय दुखतायत.”

नऊ वाजून वीस मिनिटांनी नंबर पुकारला. आत क्लार्कने नाव विचारलं आणि मामांनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, स्वतःचं सांगितलं. त्याने सवयीने विचारलं, तकलीफ कहाँ है. मामांनी छातीवर हात ठेवला.

हृदयाचे ठोके फार मंद पडत होते. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर असेच उभे राहिले असते तर एखाद्या दिवशी उभ्या उभ्याच गेले असते. छातीत कातडीखाली एक लहानसं यंत्र बसवलं. आता बरे आहेत, पण तास तास उभं राहायचं नाही, असा हुकूम आहे, आणि हुकूम मामा पाळतात. पिशवी आमच्या दाराच्या खुंटीला आहे. तीन चष्मे तिच्यात आहेत. माझ्या फ्रिजवरच्या कागदावर मंगळवारच्या रकान्यात आता साडेसहा लिहिलेलं असतं. ऑफिस साडेआठचं आहे, तोवर होतं सगळं. मी टोकन घेते, बसची वाट बघते, देते, आणि निघते. या कामाला मला एकूण सव्वा तास लागतो.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून, मांडीवर कोरा कागद आणि हातात दोऱ्याचं पेन घेऊन बसले होते. उजेड जरासाच उरला होता.

“आज कोणाला दिलंस?”

“एक बाई होती. लाल साडीतली. बडवानीकडची असावी, बोलण्यावरून.”

“नाव?”

मी विचारलं नव्हतं. मला ऑफिसला पोहोचायचं होतं. मी टोकन दिलं आणि रिक्षा पकडली होती.

मामांनी पेन कागदावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. “नाव विचारत जा ग, सूनबाई,” ते म्हणाले. “मी वर काय सांगू? लाल साडी?”

मग त्यांनी तेच लिहिलं, ठळक अक्षरांत, आणि गल्लीला ऐकू जाईल असं दोनदा वाचलं.